जर्मनच्या पराती

२४ नोव्हें. ९६, रविवार

दिवाळीची सुट्टी संपली. उद्यापासून परत अंधारात उठून इंदापूर. गाडी धुतली, हवा बघितली. आत्या ओट्यावर मेथी निवडत होत्या, नजर गाडीवर. आबा गेल्यापासून गाडी दारातून निघाली की त्या उठून उभ्या राहतात, परत आली की बसतात. नवऱ्याची शेवटची वस्तू हलती-चालती असली की असंच होत असेल. मला तर अजूनही ती आबांचीच वाटते. सून म्हणून नुसतं चालवायला दिलीय.

जेवताना ह्यांनी विषय काढलाच. गाडी लिटरला अकरा देते. आबांच्या हातात चौदा द्यायची. "म्हातारी झाली ती. विकून टाकू. इंदापूरला खोल्या घेऊ, तुला शाळा चालत होईल. मी एसटीनं बारामतीला ऑफिसला येत जाईन." खोल्या बघूनही ठेवल्यात, शाळेमागच्या बोळात. मालकाला संक्रांतीनंतर कळवायचं आहे.

माझी शाळा सकाळची. पहिली एसटी पोचते तेव्हा प्रार्थना होऊन गेलेली असते. म्हणजे गाडी, नाहीतर इंदापूर. आणि इंदापूर म्हणजे जळोचीच्या ह्या घराला कुलूप. आत्या ताट सारून परत मेथी निवडायला बसल्या. जेवण झाल्यावर बघितलं तर मेथीच्या काड्या पानांत आणि पानं काड्यांत.

मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत चौदा दिली तर?

"तर राहू," हे म्हणाले आणि हसले. त्या हसण्याचा राग आला.

२६ नोव्हें.

मुल्लाबाई नेहमीसारख्या वाटेत जंक्शन गावाला चढल्या. आमच्या शाळेत उर्दू नाही, इतिहास शिकवतात, आणि तोही माझ्या गाडीत बसून मलाच जास्त. आबा गाडी चालवायचे, मी शेजारी, तेव्हा त्या मागे बसायच्या. आता पुढे बसतात. पहिले काही दिवस आम्हा दोघींनाही ते जड गेलं.

त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चौदा म्हणजे फार होतं हो. आमच्या घरी म्हैस विकायची वेळ आली तेव्हाही असाच हिशेब चालला होता."

खरंच. आपल्याकडे म्हशीला आणि गाडीला प्रश्न एकच. किती देते? जशी काही तिच्या मनावर आहे.

२९ नोव्हें.

मोकळ्या तासाला लायब्ररीत बसले होते. जुन्या विज्ञान मासिकात परदेशातल्या शर्यतीच्या गाडीचा फोटो. चाकांवर सपाट तबकड्या बसवलेल्या. चाकाच्या खाचा-भोकांत वारा घुसतो, चाक त्याला घुसळत राहतं, त्यात जोर वाया जातो. झाकलं की वारा सरळ निघून जातो. आठवीला घर्षण दरवर्षी शिकवते. दारातल्या गाडीची चार चाकं दिवसभर ताकातल्या रवीसारखी वारा घुसळतायत हे काही डोक्यात आलं नाही.

मु.बाईंना फोटो दाखवला. "ती गाडी किती देते?" म्हणाल्या.

१ डिसें., रविवार

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. आत्यांच्या जात्याचं झाकण ठेवून गोल आखले, कापले, तारेनं चाकाच्या भोकांतून बांधले. वरून तेलाचा हात, ओल लागू नये म्हणून. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "गाडीचा वाढदिवस आहे का?"

२ डिसें.

सणसरच्या अलीकडे पहिला गेला. आरशात दिसला, रस्त्यावरून एकटाच गडगडत उसाच्या फडाकडे. लासुर्ण्याला दुसरा. उरलेले दोन शाळेत जाऊन काढले. शिपाई म्हणाला द्या, माठावर झाकायला होतील. दिले.

७ डिसें.

काल सहा डिसेंबर. संध्याकाळी विहारात गेलो होतो, तिघंही. आबांच्या जागेवर कुणी बसलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं तसं.

आज शेजारच्या कांबळेंची सून पराती परत द्यायला आली. बारशाला नेल्या होत्या. ह्या चार पराती आबांनी कधीतरी जयंतीच्या जेवणासाठी घेतल्या, मोठ्या, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या. तेव्हापासून आळीतलं एकही कार्य त्यांच्याशिवाय झालं नाही. काठावर बाहेरून नाव घातलेलं, भि. ना. साबळे, जळोची. आबा म्हणायचे, भांड्याला नाव असलं की ते कुठंही गेलं तरी घरी येतं. आणि आल्या आहेत खऱ्या. एकदा एक परात वऱ्हाडाबरोबर फलटणला जाऊन परत आली होती.

आत्या पराती पुसून माळ्यावर ठेवायला निघाल्या आणि थांबल्या. एक परात घेऊन बाहेर गेल्या. मी मागोमाग. त्यांनी ती उचलून चाकाला लावून धरली. तंतोतंत.

"पुठ्ठा कशाला लावायचा ग?" म्हणाल्या. "ही बसतीय बघ की."

मी म्हटलं, आत्या, भोकं पाडावी लागतील.

बराच वेळ परातीवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "पाड. घर बंद झाल्यावर परातीतलं कोण जेवणारंय?"

आत आले आणि ओट्याला टेकून रडले थोडी. नंतर चहा केला.

८ डिसें., रविवार

बाळू मिस्त्रींच्या गॅरेजला. आबांच्या वेळेपासून तेच बघतात गाडी. परात हातात घेऊन ठोकून बघितली.

"वहिनी, जर्मन हलकं असतंय, चाकाला वजन न्हाय व्हायचं. पण बिरेकला वारा कुठनं मिळायचा?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग मधल्या भागात बारीक भोकांची एक रांग. हवा भरायला एक मोठं भोक. तीन ठिकाणी आकडे, रिमच्या खाचांतून आत जाणारे, आणि आकड्यांना स्प्रिंग. काठाला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी, म्हणजे वाजणार नाही. परात पालथी, बुड बाहेर. नाव बाहेरच्या उतारावर आलं, चारही चाकांवर.

हवा भरायला आलेल्या एकानं विचारलं, ही कव्हरं कुठली हो? बाळूंनी डोकं वर न करता सांगितलं, "जर्मनची."

घरी आल्यावर आत्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. ह्यांनी खिडकीतून बघितलं. बाहेर आले नाहीत.

९ डिसें.

पहिला दिवस. काटा पन्नासच्या पुढे गेला की पराती गायला लागतात. म्हणजे खरंच, एक लांब हुंकार, आधी पुढच्या, मग मागच्या. मु.बाई कानात बोटं घालून बसल्या. पन्नासच्या खाली आले की गप्प. मग पन्नासच्या खालीच ठेवली. निमगावपर्यंत सूर्य वर आला होता. डाळिंबाच्या बागांवर पाणी चाललेलं. हा रस्ता मी इतक्या वेळा पार केलाय, बागा आज दिसल्या.

शाळेत पोचेपर्यंत घंटा. उद्या जरा आधी निघायला हवं.

सातवी ब च्या पोरी : "बाई, तुमच्या गाडीला ताटं." मी म्हटलं, पराती. ताट लहान असतं.

१२ डिसें.

आता आत्या भाकरी करून देतात. मी उठायच्या आधी चूल, म्हणजे शेगडी. नको म्हटलं तर ऐकत नाहीत. "तू नीघ. मला काय काम हाय." त्यामुळे निवांत निघता येतं. ब्रेकच्या डब्याला हात लावून बघितला इंदापूरला, कोमट. ठीक.

१५ डिसें., रविवार

टाकी मानेपर्यंत भरली होती, आज परत मानेपर्यंत. भागाकार दोनदा केला. साडेबारा.

ह्यांच्यासमोर कागद ठेवला. बघितला. "चौदा कुठं?" म्हणाले, पण चष्मा पुसून परत बघितला. त्यांना भागाकार तोंडपाठ येतो, परत बघायची गरज नव्हती.

१८ डिसें.

आज शाळेत क्लार्क साहेबांनी अडवलं. "बाई, गाडीला जर्मनीहून काहीतरी मागवलंय म्हणे?"

मी हसले. खुलासा करणार तेवढ्यात तासाची घंटा.

दुपारी निमगावला पेट्रोल भरताना पंपावरचा माणूस खाली बसून परातीला बोट लावून बघतोय. "इंपोर्टेड काय मॅडम?" मु.बाई तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळल्या. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "ह्यांच्या सासऱ्यांचं नाव आहे त्यावर. तिकडे नाव घालूनच पाठवतात."

परतीच्या सगळ्या रस्त्यात हसत होतो. जंक्शनला उतरताना म्हणाल्या, सुनंदाबाई, किती दिवसांनी हसला तुम्ही. मग मी पुढचा रस्ता हसत नव्हते.

२२ डिसें., रविवार

एक गोष्ट लिहून ठेवते, बोलता येत नाही. आबा गेल्यापासून हे गाडीत बसलेले नाहीत. शनिवारी ह्यांना अर्धा दिवस असतो, म्हटलं येता येता ऑफिसवरून घेईन. नको, कामं आहेत. बाजारालाही सायकल. आबांनी गाडी मला शिकवली, ह्यांना नाही, त्याचं काही मनात असेल का. आबा म्हणायचे, परकाशला घाई असते. आता घाई मलाच झाली होती ना.

ते आठवलं तशी एक गोष्ट डोक्यात आली, आणि ती काही केल्या जाईना. आबा चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे कधी गेलेच नाहीत. चौदा द्यायची तेव्हा.

२९ डिसें., रविवार

ॲव्हरेज तेरा. आत्यांनी लापशी केली. मला घास गोड लागेना.

कारण सरळ आहे. पराती गातात म्हणून मी सावकाश चालवते. सावकाश चालवते म्हणून गाडी जास्त देते. मग परातीनं काय केलं? मुलांना मी शिकवते, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही. आणि घरी दोन बदलून बसले. गंमत म्हणजे मला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण कळून घ्यायचं नव्हतं.

५ जाने. ९७, रविवार

आज घरी जे झालं ते लिहायला दोन पानं लागतील.

रविवारी मी पराती काढते, चाकांचे नट बघते. चारही अंगणात उन्हात ठेवल्या होत्या. दुपारी दारात जीप. निमगावचे तात्या, डाळिंबवाले, मोठे बागायतदार. पांढरी टोपी, मागं दोन माणसं. ह्यांना म्हणाले, "साबळे सायेब, जर्मनी फिटिंगची गाडी इकायची हाय आसं कानावर आलं. पंपावर समदे बोलत्यात. मला पायजे."

मी आतून ऐकतेय. म्हटलं आता हे सांगतील. हे कसले सांगतात. खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "बसा ना तात्या. चहा टाक ग."

चहा टाकला. रागात साखर दोनदा घातली. म्हणजे इथपर्यंत आलं. खोट्यावर विकायची, आणि तीही आबांची. बाहेर तात्या आकडा बोलले तो ह्यांच्या मनातल्यापेक्षा मोठा असावा, कारण हे "बघू की" म्हणाले. हे "बघू की" म्हणाले की झालेलं असतं.

तात्यांना जेवूनच जा म्हणून आत्यांचा आग्रह. तेवढ्या माणसांच्या भाकऱ्या आमच्या रोजच्या काठवटीत कुठून व्हायच्या. आत्या अंगणात गेल्या, एक परात उचलली, आकडे सोडवले, राखेनं घासली, धुतली आणि पडवीत सगळ्यांच्या समोर बाजरीचं पीठ घेऊन बसल्या. पाणी घातलं तशी बारीक भोकं पिठानंच बुजली, पण मोठ्या भोकातून पीठपाणी खाली गळायला लागलं. त्यांनी भोकाला डाव्या हाताचा अंगठा लावला आणि उजव्यानं मळत राहिल्या.

तात्या बघत होते. "आवं मावशी, परातीला भोक हाय."

"चाकाची हाय न्हवं," आत्या म्हणाल्या. "हवा भराया ठेवलंय."

तात्यांनी एकदा परात बघितली. एकदा अंगणातल्या तिघी बघितल्या. मग गाडीची उघडी चाकं. "म्हंजी ही... जर्मनी?"

"जर्मनची परात. तुमच्यात काय म्हणत्यात?"

"आमच्यात बी जर्मनचीच म्हणत्यात की," म्हणाले तात्या, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्यांची माणसंही. शेवटी हेसुद्धा. मी दारात कपबश्या घेऊन उभी, माझा जीव भांड्यात पडला, आणि भांडं कुठलं ते काय सांगायला नको.

जेवले. ठेच्याला नावाजलं. गाडीचा विषय परत निघाला नाही. जाताना तात्या परातीवरचं नाव बोटानं वाचत होते. मला म्हणाले, "मास्तरीणबाई, खरं सांगा, ह्यानं जास्त देती का? माझ्या टेंपोला लावीन म्हन्तो."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. आधी मला कळू दे.

आत्यांनी मुद्दाम केलं का? विचारलं. "पाव्हणं आलं, पीठ जास्त लागलं," एवढंच.

६ जाने.

पराती न लावता निघाले. पण वेग तोच, पन्नासच्या खाली. अवघड गेलं. गाणं नसलं की पाय आपोआप दाबला जातो. मु.बाईंना काट्यावर लक्ष ठेवायला बसवलं. "सुनंदाबाई, पंचावन्न." "सुनंदाबाई, परत." शेवटी त्याच हुंकार द्यायला लागल्या.

११ जाने.

टाकी भरली. पराती नसताना, सावकाश : पावणेतेरा. पराती असताना, सावकाश : तेरा. म्हणजे परातींचं देणं पाव. एवढंच. आणि त्या पावातही वाऱ्याचा हात किती, आणि पंपावरच्या पोराचा किती...

आकडा कुणी तपासणार नाही. चौदा म्हणून सांगितलं तर घर राहतं. आत्या राहतात. एक आकडा, नुसता तोंडानं सांगायचा.

१२ जाने., रविवार

सांगितलं. तेरा, आणि त्यातल्या पराती फक्त पाव. बाकीचा माझा पाय.

ह्यांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं आता म्हणतील, मग ठरलं. म्हणाले, "म्हणजे गाडी म्हातारी नव्हती."

नाही. मी पळवत होते.

"का पळवत होतीस?"

घरचं आवरून निघायला उशीर व्हायचा, म्हटलं. आणि खरं सांगू का, म्हटलं. जंक्शनपर्यंत शेजारची सीट मोकळी असायची. लवकर पोचावं असं वाटायचं.

हे उठून खिडकीपाशी गेले. तिथूनच, माझ्याकडे न बघता : "संध्याकाळी घरी येतो आणि गाडी दारात दिसते. दरवेळी वाटतं आबा आलेत. रोज एकदा वाटतं. मला ते सहन होत नाही ग. पेट्रोलचं काय, पेट्रोल कुणालाही परवडत नाही."

एवढी वर्षं संसार केला आणि माणूस मला ॲव्हरेज सांगत होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला राग आला होता तो चुकीच्या गोष्टीचा होता.

आत्या आत होत्या. ऐकलं असावं.

१४ जाने.

संक्रांत. ह्यांनी तिळगूळ दिला आणि म्हणाले, चौदा नाही झाली. मी म्हटलं, नाही झाली. मालकाला काय कळवणार ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. पराती परत लावल्या. पाव तर पाव. आणि त्या नसल्या की मी काही सावकाश चालवत नाही, हे मला माहीत झालंय.

तात्यांना निमगावला थांबून सांगितलं. पाव लिटर नव्हे, लिटरला पाव किलोमीटर. ते म्हणाले, "म्हंजी डायवर बदलला तर जास्त फरक पडंल." तेच.

१६ जाने.

डावी मागची परात गेली. लासुर्ण्याच्या पुढे खड्डा चुकवला, काहीतरी खणकन वाजलं. मु.बाई म्हणाल्या काहीतरी वाजलं, मी म्हटलं दगड. शाळेत बघते तर चाक उघडं. एक आकडा सरळ झालेला, स्प्रिंग तुटलेली.

येताना उतरून शोधलं दोघींनी. कालव्याच्या कडेनं, उसात पुढपर्यंत. साडीला कुसळं. ऊसतोडीच्या बाया होत्या, त्यांना विचारलं. न्हाय बगितली.

घरी कसं सांगू. पुठ्ठा गेला तेव्हा हसू आलं होतं.

आत्यांनी आधी चाकंच मोजली. "कुटं गेली?" सांगितलं. म्हणाल्या, "नाव हाय. यील." आणि आत गेल्या. पण नंतर दिवा लावताना फोटोसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या होत्या.

१९ जाने., रविवार

तीन पराती आणि एक उघडं चाक. बाळूंनी उरलेल्यांचे आकडे काढून नट-बोल्ट बसवले. पहिल्यांदाच बोल्ट लावायला हवे होते. मी हलकं हवं, हलकं हवं म्हणत बसले होते.

ह्यांनी सांगितलं, मालकाचा निरोप आलाय. दुसरं गिऱ्हाईक आहे. सव्वीस तारखेला संध्याकाळी फोन करून हो-नाही सांगा.

मी विचारलं, काय सांगणार?

"तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते मी सांगितलं. मला हे घर हवं. सकाळी दारात आत्या उभ्या राहिलेल्या हव्यात. रस्त्याचा कंटाळा येतो तोही हवा. हे ऐकत होते. म्हणाले, "आणि मला रोज एकदा जे वाटतं त्याचं काय करू?"  

२३ जाने.

काही नाही. थंडी. गाडी सुरू व्हायला कुरकुरते. आत्यांनी सकाळी भाकरीबरोबर गुळाचा खडा दिला, मु.बाईंनाही. त्या म्हणाल्या, सासू बदलायची का.

तीन परातींचं गाणं चारपेक्षा वेगळं लागतं. आता मागून एक बाजू गप्प असते.

२६ जाने., रविवार

सकाळी झेंडावंदनाला इंदापूर, दुपारी परत. जेवणं झाली. हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते, खिशात मालकाच्या नंबराची चिठ्ठी. उन्हं कलली की एसटीडी बूथवर जाणार होते. मी कपडे काढत होते दोरीवरचे. आत्या आत.

फाटकाशी एक माणूस. पन्नाशीचा, डोक्याला मुंडासं, काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल. मला बघूनच कळलं. हातातला टॉवेल खाली पडला.

त्यानं पोतं सोडलं. परात. एका बाजूला चेपलेली, बाकी घासूनपुसून लख्ख. म्हणाला, उसाच्या कडेला मिळाली. "आमच्या मंडळीनं चार दिस पीठ मळलं त्यात, खोटं कशाला बोलू. भोकं कशाची ते कळंना. मग पोरीनं नाव वाचलं. म्हटलं नावाचं भांडं, ठेवाया नको." बारामतीला बाजाराला आला होता, तिथून विचारत विचारत जळोची.

मग ह्यांच्याकडे बघून त्यानं विचारलं, "भि. ना. साबळे हितंच राहत्यात न्हवं?"

हे उठून उभे राहिले होते. परात हातात घेतली आणि नावावरून अंगठा फिरवला. मी बघत होते.  खरं काय ते सांगायचं तर एवढं लांबून आलेल्या माणसाला दारातच सांगायचं, आणि...

आतून आत्यांचा आवाज आला, नेहमीचा, भाकरी वाढताना असतो तसा.

"हितंच राहत्यात. या, पाणी घ्या."

तो आला, पाणी प्याला, चहा घेतला. आबांना भेटायचं त्यानं काही म्हटलं नाही. फोटो दिसला असेल, हार दिसला असेल. जाताना फोटोकडे बघून हात जोडले आणि गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

उन्हं कलली. हे बूथवर गेले नाहीत. चिठ्ठी खिशात आहे की टाकली, बघितलं नाही. बूथ उशिरापर्यंत उघडा असतो, मला माहीत आहे. त्यांनी परातीची चेप ठोकून सरळ केली, आत फडकं धरून, हलक्या हातानं. पाना मागितला. मी दिला. गाडीला ह्यांनी हात लावला तो आज पहिल्यांदाच.

चाकापाशी बसून बोल्ट आवळत होते. घाई अजिबात नव्हती. म्हणाले, "नाव वरच्या बाजूला आलं का बघ."

चाकाला वरची बाजू कुठली, असं तोंडावर आलं होतं. म्हटलं, आलं.